चाकं नसलेलं जर्मन रॉकेट विमान अराडो ई-३८१ : लाकडात करायचंय, कोणाला माहिती आहे का?

चितारआळीकर (सावंतवाडी)

नमस्कार मंडळी. आमचं लाकडी खेळण्यांचं काम आहे, फळं, भाज्या, बैलगाडी, पाट, हे नेहमीचंच, पण हल्ली ऑर्डर आली की जहाजं आणि विमानंपण करून देतो. आता पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर एका जर्मन विमानाचं तीन बाजूंनी काढलेलं ड्रॉइंग पाठवलंय, अराडो ई-३८१, दुसऱ्या महायुद्धातलं, म्हणे रॉकेटवर चालणारं. ड्रॉइंग बघून आमच्या घरात सगळ्यांचं डोकं फिरलंय. याला चाकंच नाहीत. पायलट बसलेला नाही, पालथा झोपलाय, आणि तोंड पुढच्या काचेला. पंख इतके आखूड की बाबा म्हणाले हे उडणारं नाही, हे कुणीतरी तुझी गंमत केलीय. वर आणि भानगड अशी की नेटवर दोन-तीन वेगवेगळी ड्रॉइंग सापडली आणि एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही, एकात पाठीवर फुगवटा आहे तर दुसऱ्यात लांबीच वेगळी.

तर प्रश्न असे की हे खरंच होतं का, असेल तर उतरायचं कसं, पालथा का झोपवलाय, आणि करायचं तर कुठल्या ड्रॉइंगवरून करू. ॲडव्हान्स घेतलाय, म्हणून विचारतोय.

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

दादा, बाबांना सांगा गंमत नाही, पण उडालंही नाही. विमान म्हणून हे कधी तयारच झालं नाही. अराडो कंपनीने १९४४ च्या डिसेंबरात हा प्रस्ताव मांडला, लाकडी मॉकअप वगैरेपर्यंत गाडी गेली आणि पुढे ना पैसा मिळाला ना वरून पाठिंबा, तिथेच बंद. म्हणजे तुम्ही लाकडात करताय ते एका अर्थी ओरिजिनलच म्हणायचं :)

चाकं का नाहीत ते आधी. हे जमिनीवरून उडणारच नव्हतं. अराडोचंच दुसरं विमान होतं, एआर-२३४, जेट बॉम्बर, ते मात्र खरं, दोनशेच्या वर बनली आणि युद्धात वापरलीपण. त्याच्या पोटाखाली हे पिल्लू अडकवायचं, वर न्यायचं, शत्रूची बॉम्बर विमानं दिसली की सोडायचं, मग पायलटने रॉकेट पेटवून हल्ला करायचा. इंधन दोनच फेऱ्यांपुरतं. ते संपलं की रॉकेट बंद आणि विमान घसरत घसरत खाली, उतरताना पोटाखालची घसरपट्टी बाहेर काढायची, वेग मारायला मागे पॅराशूट. नंतर ट्रक येणार, सुटे भाग करून उचलून नेणार.

मग एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. तर त्यांच्याकडे आधीच एक रॉकेट विमान होतं, मेसरश्मिट एमई-१६३ कोमेट, ते साडेतीनशेच्या वर बनलं होतं. कोमेट जमिनीवरून उडायचं आणि साधारण साडेतीन मिनिटांत १२ हजार मीटर गाठायचं, त्या काळात दुसरं काहीच असं चढत नव्हतं. पण पूर्ण जोरात इंधन पुरायचं सात-साडेसात मिनिटं, त्यातलं निम्मं चढण्यातच खलास. अराडोवाल्यांचा हिशोब असा की चढायचं काम जेटला करू दे, रॉकेटचा थेंबन् थेंब फक्त हल्ल्यासाठी ठेवू. कागदावर हा हिशोब चूक नाही.

पालथा झोपवण्याची दोन कारणं. एक म्हणजे जोरात वळताना आणि वर खेचताना रक्त पायाकडे उतरतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते, आडवा असेल तर माणूस जास्त सहन करतो. जर्मनांनी यासाठी बर्लिन बी-९ नावाचं छोटं दोन इंजिनांचं विमान मुद्दाम बनवून उडवून बघितलं होतं. दुसरं, विमान समोरून जितकं बारीक तितकं बॉम्बरच्या मशीनगनवाल्याला नेम धरणं कठीण. म्हणून विमानाची नळी माणसाच्या खांद्यांना जेमतेम पुरेल एवढी, आणि पुढे १४० मिमी जाड बुलेटप्रूफ काच. पाठीवरचा फुगवटा म्हणजे तोफ, ३० मिमीची एमके-१०८.

तीन ड्रॉइंग न जुळण्याचं कारण म्हणजे प्रकारच तीन होते. पहिला सगळ्यात छोटा, पाच मीटरच्या आतला, तोफेला ४५ गोळे. दुसरा थोडा मोठा, ६० गोळे. तिसऱ्यात तोफ काढून सहा रॉकेटं. त्यामुळे एकाचं नाक आणि दुसऱ्याची शेपटी असं करू नका, गिऱ्हाईक जाणकार असेल तर लगेच पकडेल.

बाब्या_मालवणी (मालवण)

बाबानू, चाका नाय, बसूक जागा नाय, आणि उतारताना पोटार घसरूचा! ह्या इमान काय रे, ही तर शिक्षा. पण माका एक सांगा, दार खंय आसा ह्या ड्रॉइंगात? ह्यो माणूस आत शिरतलो खंयसून आणि भायर पडतलो कसो?

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

@बाब्या बरोब्बर जागी बोट ठेवलंत बघा. दार वरच्या अंगाला, पाठीवर. आणि वर काय, तर बॉम्बरचं पोट. म्हणजे पायलटने आधी आत जाऊन पालथं पडायचं, मग वरून बॉम्बर जोडायचा, आणि एकदा जोडला की सुटका होईपर्यंत बाहेर यायचा मार्ग नाही. वर नेताना बॉम्बरला आग लागली, हूक अडकला, काहीही झालं तरी आतला माणूस आतच. एआर-२३४ जमिनीपासून फार उंच नव्हतं, त्यामुळे खाली फटही जेमतेमच उरणार, ऐन टेकऑफला टायर फुटला तर काय होईल याचा विचारच नको.

लोटे_शिफ्ट_बी (लोटे परशुराम)

मी विमानवाला नाही, केमिकल प्लांटमध्ये आहे, पण इंधनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ई-३८१ ला जे वॉल्टरचं इंजिन लावणार होते तेच कोमेटला होतं, एचडब्ल्यूके १०९-५०९, म्हणजे इंधनही तेच. दोन द्रव. टी-स्टॉफ म्हणजे ८० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि सी-स्टॉफ म्हणजे मिथेनॉल, हायड्रेझीन हायड्रेट आणि पाणी. एकमेकांना भेटले की आपोआप पेट घेतात, काडी नको ठिणगी नको. म्हणून कोमेटच्या तळावर दोन्हींचे टँकर एका वेळी विमानाजवळ येऊ द्यायचे नाहीत असा नियम होता, एक भरून गेला की पाण्याने सगळं धुवायचं आणि मग दुसरा.

आता ८० टक्के म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे येतं ते ५० टक्क्यांचं आणि त्यालाच आम्ही वचकून असतो. हातावर थेंब पडला की जागा पांढरीफटक पडते आणि मग आग आग. लेदरचे ग्लोव्हज बंद, सुती कापड जवळ नको, लाकडी पॅलेटवर सांडलं आणि तसंच राहिलं तर थोड्या वेळाने आपसूक पेटू शकतं. गंज, तांबं, पितळ यातलं काही लाइनमध्ये चुकून आलं की ते फसफसायला लागतं, वाफ आणि ऑक्सिजन सुटतो. नवीन ट्रेनीला पहिल्या दिवशी काय दाखवतात माहितीये, बॉल व्हॉल्व्ह. पेरॉक्साइडच्या लाइनला साधा बॉल व्हॉल्व्ह चालत नाही, त्याच्या आतल्या बॉलला एका बाजूने बारीक भोक पाडलेला व्हॉल्व्ह लागतो, कारण साध्यात व्हॉल्व्ह बंद केल्यावर बॉलच्या पोकळीत दोन चमचे माल कोंडून राहतो, तो हळूहळू विघटन होत प्रेशर वाढवत जातो आणि एक दिवस व्हॉल्व्हच फोडतो. दोन चमचे! आणि इथे हे लोक टाकीभर घेऊन उडत होते, कोमेटमध्ये तर पायलटच्या दोन्ही बाजूंना कॉकपिटमध्येच टी-स्टॉफच्या टाक्या होत्या.

१९४३ च्या डिसेंबरात योझेफ प्योस नावाचा पायलट असाच गेला. कोमेट उडताना खालची चाकांची गाडी सोडून द्यायचं, ती गाडी जमिनीवर आपटून उसळली आणि विमानाला लागली, इंजिन बंद पडलं, खाली येऊन आदळला आणि टी-स्टॉफ कॉकपिटमध्ये शिरलं. पुढचं लिहीत नाही. पायलटना खास सिंथेटिक कापडाचे सूट दिलेले असायचे, पण शिवणीतून आत शिरलं की सूट काय करणार.

ई-३८१ मध्ये तर अख्खी नळीच माणसाच्या खांद्याएवढी, त्यात इंधन त्याच्यापासून लांब ठेवायचं म्हटलं तरी ठेवणार कुठे. आमच्या सेफ्टीवाल्याला हे ड्रॉइंग दाखवलं तर तो परमिटवर सही सोडा, पेन पण बाहेर काढणार नाही.

अलिबाग_टॉप_गिअर (अलिबाग)

सगळं मान्य पण जर्मन इंजिनिअरिंग ते जर्मन इंजिनिअरिंगच, त्यांना अजून सहा महिने मिळाले असते ना तर ही विमानं आकाशात असती आणि अमेरिकन बॉम्बर एक पण परत गेला नसता, नऊशेच्या स्पीडला कोण पकडणार यांना. युद्धाचा निकालच बदलला असता, हिटलरने उशीर केला बस.

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

भाऊ, हे वाक्य प्रत्येक जर्मन विमानाच्या धाग्यावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा तो नऊशेचा स्पीडच खरं तर अडचण होता.

एमके-१०८ तोफ मिनिटाला ६५० गोळे टाकते, सेकंदाला ११ धरा. ४५ गोळे म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर चार सेकंदांत सगळं संपलं. दोन फेऱ्या म्हणजे फेरीला दोन सेकंद. आता मागून हल्ला करताय, तुम्ही ९०० ला, पुढचा अमेरिकन बॉम्बर बी-१७ साधारण साडेतीनशेला, म्हणजे तुम्ही त्याच्यावर सेकंदाला दीडशे मीटरने चालून जाताय. या तोफेचा गोळा मोठा पण संथ, ५४० मीटर प्रति सेकंदच्या आसपास, लांबून मारला तर खाली झुकतो, त्यामुळे ५००-६०० मीटरच्या आत आल्याशिवाय उपयोग नाही, आणि दीडशे-दोनशे मीटरवर आलात की वळायलाच हवं, नाहीतर बॉम्बरच्या शेपटीतच घुसाल. मधे उरले ४०० मीटर, म्हणजे पावणेतीन सेकंद. तेवढ्यात नेम धरायचा, दाबायचं आणि सुटायचं. एक मोठा बॉम्बर पाडायला ३० मिमीचे सरासरी चार गोळे बसायला लागतात असा खुद्द जर्मनांचा अंदाज होता. सरावलेला पायलट हे करेलही. पण १९४४ च्या शेवटी सरावलेले पायलट उरले होते कुठे, ट्रेनिंगला पेट्रोल नव्हतं म्हणून नवीन पोरांचे तास कापत चालले होते.

आणि हा नुसता माझा कागदावरचा हिशोब नाही, कोमेटच्या बाबतीत हेच प्रत्यक्षात झालंय. लाइपझिगजवळ ब्रांडिसला जेजी-४०० ही तुकडी होती. सगळ्यात उदार मोजणी घेतली तरी कोमेटने युद्धभरात पाडलेली विमानं वीसच्या आत येतात, आणि साडेतीनशेच्या वर कोमेट बनली होती हे लक्षात ठेवा. तळापासून पल्ला इतका कमी की अमेरिकनांनी त्या भागाला वळसा घातला तरी काम भागायचं. वर जाताना त्याला कोणी पकडू शकत नव्हतं हे खरंय, पण परत येताना काय? खाडीच्या तोंडाशी ओहोटीत इंजिन बंद पडलेल्या होडीसारखी गत, चुकलं तर पुन्हा फिरून यायला ताकदच नाही. मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानांचे पायलट तेवढ्याचीच वाट बघत थांबायचे.

ई-३८१ ने यातलं काय सोडवलं? फक्त चढण्याचं इंधन. नेमबाजीच्या त्या दोन सेकंदांना हातही लावला नाही, उलट कोमेटला दोन तोफा होत्या, इथे एकच. खाली उतरतानाचा धोका तसाच. आणि त्या बदल्यात दर हल्ल्यामागे एक जेट बॉम्बर आणि त्याचा पायलट गुंतवायचा. एआर-२३४ पोटाखाली ओझं घेऊन चाललंय, वेग कमी झालाय, त्याला मस्टँगने गाठलं तर दोन विमानं आणि दोन पायलट एकदम गेले. मला विचाराल तर बर्लिनमध्ये ज्याने कोणी या फाइलला पैसे दिले नाहीत त्याने त्या वर्षातलं त्यातल्या त्यात शहाणपणाचं काम केलं. सहा महिने काय, दोन वर्षं दिली असती तरी हे चार सेकंदांचे आठ झाले नसते.

अलिबाग_टॉप_गिअर (अलिबाग)

हम्म. पण नाटर तरी उडालं ना, ते जर्मनांचंच दुसरं रॉकेट विमान, सरळ उभं जाणारं?

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

उडालं, १ मार्च १९४५ ला, लोथार झीबर नावाचा पायलट आत होता. उभ्या मनोऱ्यावरून सुटलं, कॉकपिटचं झाकण उडून गेलं, विमान ढगात शिरलं आणि मिनिटाभरात जमिनीत घुसलं. झीबर बावीस वर्षांचा होता. माणूस घालून रॉकेटवर केलेलं उड्डाण ते तेवढंच.

हर्णै_किनारा (दापोली)

मस्त चाललाय धागा. यात आपल्याकडचा एक धागा जोडतो, खूप जणांना माहीत नसतो. कोमेटची कागदपत्रं जर्मनीने जपानला दिली होती, आणि ती ज्या पाणबुडीतून निघाली ती आय-२९. आता हे नाव ओळखीचं वाटतंय का बघा. १९४३ च्या एप्रिलमध्ये मादागास्करच्या बाजूला भर समुद्रात नेताजी आणि आबिद हसन जर्मन यू-१८० मधून रबरी तराफ्यावर उतरून ज्या जपानी पाणबुडीत चढले ती हीच आय-२९.

पुढच्या वर्षी तीच पाणबुडी युरोपातून परत येत होती, आत रॉकेट आणि जेट विमानांचं सामान नि ड्रॉइंग. जुलै १९४४ मध्ये सिंगापूरला पोचली. तिथे इवाया नावाचा नौदल अधिकारी उतरला आणि थोडी कागदपत्रं बरोबर घेऊन विमानाने टोकियोला गेला. पाणबुडी उरलेला माल घेऊन समुद्रमार्गे निघाली आणि २६ जुलैला अमेरिकेच्या सॉफिश पाणबुडीने फिलिपिन्सच्या उत्तरेला तिला बुडवली. म्हणजे जपानच्या हाती लागलं ते इवायाच्या बॅगेतलं तेवढंच.

त्यावर त्यांनी स्वतःचं कोमेट उभं केलं, मित्सुबिशी जे-८-एम, शुसुई. ७ जुलै १९४५ ला पहिल्यांदा इंजिनावर उडवलं. टाक्या पूर्ण भरल्या नव्हत्या, विमान एकदम तिरकं वर चढलं, आतलं इंधन मागे सरकलं आणि पाइपात हवा शिरून इंजिन बंद. पायलट इनुझुकाने वळवून आणायचा प्रयत्न केला पण इमारतीला घासून पडलं, दुसऱ्या दिवशी तो गेला.

लोटे_शिफ्ट_बी (लोटे परशुराम)

अर्धी टाकी आणि सक्शन उघडं पडलं, अगदी पंपावरचा रोजचा प्रॉब्लेम. फक्त आमच्याकडे पंप ट्रिप होतो आणि चहा प्यायला वेळ मिळतो.

आय-२९ चं माहीत नव्हतं, थँक्स हर्णैवाले.

चितारआळीकर (सावंतवाडी)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांनी पण सगळं वाचून काढलं, आता म्हणतात कर, पण त्या पायलटला चेहरा नको काढू, बघवणार नाही.

आता कामाचं. गिऱ्हाईक म्हणतो टेबलावर ठेवायला हवं, आणि जमलं तर वर मोठं विमान जोडलेलं. पांगाऱ्यात कोरलं तर पंख टिकतील का, इतके पातळ? रंग कुठला देऊ, जे विमान झालंच नाही त्याचा रंग कोण सांगणार. आणि त्याने पाठवलेल्या चित्रात शेपटीवर ते तिरकं स्वस्तिक आहे. आमच्या दुकानाच्या चौकटीवर सरळ स्वस्तिक आहेच, पण हे काढायला हात उचलत नाहीये.

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

शेपटीवरचं सोडून द्या सरळ. पंखावर आणि अंगावर काळा-पांढरा क्रॉस काढला की जर्मन विमान म्हणून ओळखतं, बरेच मॉडेलवाले तेवढंच करतात. गिऱ्हाइकाला आधीच कळवा म्हणजे नंतर कटकट नको.

रंगाचं तुम्ही म्हणता ते खरं, छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे चूकही कोणी काढू शकत नाही. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत जर्मन लढाऊ विमानांना खालून फिकट निळसर करडा आणि वरून तपकिरी जांभळट नि हिरवा असे पट्टे असायचे, त्यांच्या नंबरात ७६, ८१ आणि ८२. तोच द्या.

मापाचं असं बघा. एकटंच करायचं तर १:२४ घ्या, पहिला प्रकार साधारण २० सेंटीमीटरचा होईल, हातात घ्यायला छान, पायलटपण दाखवता येईल. एआर-२३४ सकट करायचं तर १:२४ मध्ये मोठ्याचे पंखच साठ सेंटीमीटरच्या घरात जातात, टेबल त्याचंच होऊन बसेल, तेव्हा १:४८ करा. मग मोठं तीस आणि पिल्लू दहा. पण दहा सेंटीमीटरमध्ये काचेमागचा माणूस कोरायचा म्हणजे तुमचा हात लागणार, माझं काम नाही ते.

चितारआळीकर (सावंतवाडी)

१:४८ जमेल, गंजिफ्याची चित्रं काढणाऱ्या घरातला मित्र आहे, बारीक ब्रशचं काम त्याच्याकडे देतो. पंखांचं?

बाब्या_मालवणी (मालवण)

पंख पांगाऱ्याचे नको रे बाबा, मोडतले. शिवण घे, हलकी आसा आणि पावसात फुगणा नाय तितकी. आमच्या काकांनी गलबताची मॉडेला शिवणीतच केली, वल्ही तर काडीएवढी बारीक, अजून एक मोडूक नाय. अंग पांगाऱ्याचा कर, वरसून लाखेचे दोन हात मार, आणि पंख अंगात खाच मारून बसव, नुसतो फेविकॉल लावून चिकटवू नको, कुरिअरवालो फेकतलो तेव्हा पयले तेच तुटतले.

जुना_एअरफ्रेमवाला (रत्नागिरी)

+१ शिवण. आणि स्टँडची पिन मोठ्या विमानाच्या इंजिनांमधून द्या, पिल्लाच्या पोटातून देऊ नका, तिथे घसरपट्टी दाखवायची आहे. लावताना बंद स्थितीत दाखवा, जोडलेलं असताना ती बाहेर नसणार. फोटो टाका झाल्यावर.